पाहणाऱ्याचा चेहरा

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



कार्यवाहांनी मला नेमून दिलेला विषय 'बँकांची दृक्-ओळखपडताळणी आणि नागरिकांचे खासगीपण' असा भारदस्त असला, तरी माझ्यापाशी सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे, आणि जे मला ओळखतात त्यांनी ती कोणती हे ताडून आपापल्या खुर्चीत सावरून बसण्यास आरंभही केलेला मला येथून दिसतो आहे. (हशा) ती अशी की, जो दुसऱ्याची ओळख मागतो त्याने आधी आपली ओळख पटवून दिली पाहिजे. मग तो मागणारा सरकारी अंमलदार असो, पेढीचा मुनीम असो, की बँकेचा मोबाइलच्या पडद्यावर अवतरलेला एखादा विनयशील तरुण असो.

खासगीपणाच्या हक्काचा इतिहास मी उगाळीत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी तो एकमताने मूलभूत ठरविला, पुढच्याच वर्षी बँकखात्याला आधार जोडण्याची सक्ती रद्द झाली, २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन तेच आधार 'स्वेच्छेने' या शब्दाचे बोट धरून बँकेत परत आले, आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, हे आपण सारे जाणताच. जाणत नसाल तर घरी गेल्यावर नातवंडांना विचारा.

आता प्रत्यक्ष रीत काय आहे ती पाहू. रिझर्व्ह बँकेने ९ जानेवारी २०२० रोजी या व्हिडिओ-पडताळणीस मुभा दिली आणि १० मे २०२१ रोजी तिची व्याप्ती वाढविली. बँकेचा खास शिकविलेला अधिकारी आपल्याशी पडद्यावर बोलतो. आपण पॅनकार्ड कॅमेऱ्यापुढे धरतो. समोर जिवंत मनुष्य आहे, त्याचे छायाचित्र किंवा आधी करून ठेवलेले चित्रण नव्हे, याची खातरजमा व्हावी म्हणून तो आडवेतिडवे प्रश्न विचारतो. आपण हिंदुस्थानच्या हद्दीतच बसलो आहो हे यंत्र स्थळावरून ताडते. साऱ्या प्रसंगाचे वेळ-तारखेसह चित्रण होऊन ते याच देशातल्या यंत्रांत साठविले जाते, आणि मागाहून तपासनीसाची नजर त्यावरून फिरल्याखेरीज खाते चालू होत नाही. मी हे नियम वाचले आहेत, आणि ते निष्काळजीपणे लिहिलेले आहेत असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. सभागृहात बँकेतून निवृत्त झालेली काही मंडळी बसली आहेत व त्यांच्या कपाळावर आठ्या उमटू लागल्या आहेत, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो. (हशा)

परंतु हे नियम वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पडताळणी करणारा अधिकारी कोण होता याची नोंद जपून ठेवावी असा त्यांत स्पष्ट दंडक आहे. मात्र ती नोंद बँकेने बँकेच्या दप्तरी ठेवावयाची. खातेदाराने समोरच्या इसमाची ओळख कशी पटवून घ्यावी, यासंबंधी त्याच तोडीचा दंडक मला त्यांत आढळला नाही. आपला चेहरा, आपला आवाज, आपल्या पाठीमागची भिंत, त्या भिंतीवरचे वडिलांचे चित्र आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे हे सारे दप्तरात जमा होते, व्यवहारसंबंध संपल्यानंतरही ओळखीची कागदपत्रे निदान पाच वर्षे जपण्याची जबाबदारी मनी लाँडरिंगविरोधी कायद्याने बँकांवर टाकलेली आहे, आणि आपल्यापाशी मात्र त्या पाहणाऱ्याच्या नावाचा कपटाही राहत नाही.

निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको. दरवर्षी नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला आपण देतो, आणि २०२१ पासून तो घरबसल्या चेहरा दाखवूनही देता येतो. सोय मोठीच झाली, यात शंका नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला खुर्चीत घालून कचेरीत नेण्याची तसदी त्यामुळे वाचली. आमच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांना यंत्राने डोळे मिचकावण्यास सांगितले, त्यांनी ते मिचकावले, तरी यंत्राचा विश्वास बसेना, तेव्हा त्यांच्या सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "पन्नास वर्षांत माझ्याकडे पाहून कधी मिचकावले नाहीत, सवय कुठून असणार?" (प्रचंड हशा)

हसलात, ठीक झाले. पण याच मिचकावण्यापायी काही माणसांना सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. तेजाबहल्ल्यातून वाचलेल्या ज्या स्त्रियांच्या पापण्याच जळून गेल्या आहेत, आणि जे दृष्टिहीन आहेत, त्यांना ही पडताळणी पार करता येईना. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, आणि पापण्यांच्या उघडझापीखेरीज जिवंतपणाची दुसरीही प्रमाणे मानली पाहिजेत. पडद्यामागे ऐकून घेणारे कोणी उत्तरदायी माणूस असते, तर ही कैफियत खालच्या खालीच मिटती, असे माझे मत आहे.

येथे मला थोडे मागे जाऊ द्या. १८५८ च्या जुलै महिन्यात बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाचा एक तरुण मुलकी अधिकारी होता. युरेनस ग्रह ज्याने शोधला त्या ज्योतिर्विदाचा हा नातू. सडकेसाठी खडी पुरविण्याचा करार त्याने राज्यधर कोनाई नावाच्या एका स्थानिक ठेकेदाराशी केला, आणि ही सही माझी नव्हेच असे पुढे म्हणण्यास त्याला वाव राहू नये म्हणून, कचेरीच्या शिक्क्याला जी शाई लावीत तीच त्याच्या तळहातास फासून अख्ख्या पंजाचा ठसा कराराच्या पाठीवर उमटवून घेतला. बोटांच्या ठशांच्या शास्त्राचा उगम सांगताना ही गोष्ट सर्वत्र सांगतात; पण तिचा उत्तरार्ध बहुधा गाळतात. हर्शेलने म्हातारपणी, १९१६ मध्ये, एक छोटेखानी पुस्तक लिहिले व त्यात सांगितले की, त्या वेळी त्याने स्वतःच्या हाताचाही ठसा दुसरीकडे उमटविला, आणि साहेब व ठेकेदार या दोघांनी हस्तसामुद्रिकावरून थट्टामस्करी करीत ते दोन्ही ठसे शेजारी धरून न्याहाळले. १८५७ च्या धामधुमीला पुरते वर्ष झाले-न झाले, राज्य कंपनीचे, खुर्ची साहेबाची; आणि तरीही कोनाईला साहेबाचा हात पाहावयास मिळाला! माझ्या मते या साऱ्या इतिहासातला तो एकच सभ्य क्षण होय.

पुढे हाच हर्शेल हुगळीचा मॅजिस्ट्रेट झाला, आणि १८७७ मध्ये त्याने निवृत्तिवेतन घेणारे, तुरुंगातले कैदी आणि दस्तऐवज नोंदविणारे पक्षकार या तिघांचेही ठसे घेण्याचा परिपाठ पाडला. तेथून ही रीत एकतर्फी झाली, ती आजतागायत. बोटाचा ठसा दस्तावर आला तो खरेदीखत खरे आहे एवढे सांगण्यापुरता. पण हे दस्त जेव्हा नोंदणीखात्याच्या संकेतस्थळांवर चढविले गेले, तेव्हा तेलंगण-आंध्राकडील ठगांनी त्यांवरचे ठसे उतरवून सिलिकॉनची बोटे बनविली आणि आधारच्या वाटेने लोकांच्या खात्यांतले पैसे काढले. ज्या कामासाठी दिले त्याच कामापुरते ते राहील याची शाश्वती बोटाच्या बाबतीत कोणी देऊ शकले नाही. मग चेहऱ्याच्या बाबतीत कोणत्या तोंडाने देणार? परवलीचा शब्द फुटला तर बदलता येतो. चेहरा...

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठविली आहे. दहा मिनिटे उरली म्हणतात. माझ्या घड्याळात वीस आहेत; पण घड्याळ माझे आहे आणि घंटा त्यांची आहे. (हशा) कर्ज देणाऱ्या ॲप्सनी लोकांची छायाचित्रे विद्रूप करून नातलगांना पाठविल्याचा भाग, आणि त्यानंतर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या ॲप्सना कॅमेरा केवळ एकदाच, तोही संमतीने वापरण्याचे घातलेले बंधन, हा सारा मजकूर मी लिहून आणला होता; तो आता गुंडाळतो.

मागच्या रांगेतून कोणी विचारताहेत की, "ठगही आपले नाव सांगेलच की!" सांगेल. ओळखपत्रही दाखवील. लुधियान्याच्या एका ज्येष्ठ उद्योगपतींना २०२४ मध्ये ठगांनी कॅमेऱ्यापुढे बसवून सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणीसुद्धा दाखविली आणि सात कोटी रुपये लुबाडले. 'डिजिटल अटक' म्हणतात ती हीच, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांना आकाशवाणीवरून सांगावे लागले की अशी अटक कायद्यात नाही. आपला आक्षेप मी मान्य करतो, किंबहुना माझी तक्रार त्याच आक्षेपातून निघते. पडद्यावरच्या अनोळखी माणसाने कार्ड वर धरा म्हटले की धरावे, मान वळवा म्हटले की वळवावी, खोलीत दुसरे कोणी नाही ना म्हणून विचारले की मुकाट्याने सांगावे, ही सवय सज्जन बँकांनी आपल्या अंगी बाणविली, आणि तिचे पीक दुर्जनांनी कापले. नुसते नाव ऐकून भागत नाही हे खरेच. म्हणून माझी मागणी निराळी आहे. बँकेने खातेदाराला आधी शाखेतून अथवा स्वतःच्या ॲपमधून एक सांकेतिक अंक द्यावा, पडद्यावरच्या अधिकाऱ्याने तो प्रथम उच्चारावा, तो जुळल्यावरच खातेदाराने तोंड उघडावे, आणि प्रसंग संपताच त्या अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा व शाखा यांची पावती खातेदाराच्या हाती पडावी. यात अशक्य काय आहे? ("खर्च कोण करणार?" असा आवाज) जे चेहरे साठविण्याचा खर्च करतात, ते!

नाही, मी रागावलेलो नाही. आपण बँकेत तीस वर्षे प्रामाणिकपणे खपलात हे मला ठाऊक आहे. आपल्या काळी नव्या खातेदाराला जुन्या खातेदाराची शिफारस आणावी लागे, आणि त्या पद्धतीत परक्या गावाहून आलेल्या गरिबाला कोणी दारात उभे करीत नसे, हा आपला मुद्दा मला कबूल आहे. मला ती पद्धत परत नको आहे. मला फक्त पावती हवी आहे.

घंटा झाली. शेवटचे दोन शब्द. व्हिडिओची वाट ही मुभा आहे, सक्ती नव्हे. ज्यांना ती नको असेल त्यांनी कागदपत्रे घेऊन सरळ शाखेत जावे, आणि 'आता सारे ऑनलाइनच' असे कोणी म्हटल्यास ते लेखी मागावे. पावतीच्या मागणीचा एक अर्ज रिझर्व्ह बँकेस पाठवावयाचा आहे. मसुदा दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे, आणि त्याखाली माझे नाव व पत्ता लिहून मी आधीच सही केलेली आहे. ज्यांना तो मान्य असेल त्यांनी जाताना सही करावी.