फोनमधला हिशोब जपा

औंढा नागनाथ परिसरातल्या आपल्या गटांत आता वहीसोबत मोबाईलवरही हिशोब लिहिला जातो. कुणी किती हप्ता भरला, यावर वाद झाला तर ही नोंदच साक्ष देते. म्हणून ती राहते कुठं, हे माहीत हवं.

बऱ्याच ॲपमध्ये ‘एस्क्यूलाइट’ असतं. अमेरिकेतल्या रिचर्ड हिप यांनी २००० साली ते बनवलं, आणि ते फुकट आहे. नोंदी फोनमध्येच, एका फाईलीत राहतात. म्हणून रेंज नसली तरी काम चालतं. पण दुसरीकडं प्रत नसेल, तर फोन हरवला की हिशोबही गेला.

आम्ही गटांना एवढंच सांगतो:

बैठक संपली की ॲपमधूनच बॅकअप घ्या आणि दुसऱ्या फोनवर ठेवा.

संगणकावर फाईल कॉपी करायची तर आधी ॲप बंद करा. चालू असताना ताज्या नोंदी शेजारच्या वेगळ्या फाईलीत असू शकतात, त्या सुटतात.

लिहिताना बॅटरी संपली, तर फोन सुरू झाल्यावर शेवटची नोंद तपासा. ती पूर्ण उतरलेली असते, नाहीतर मुळीच नसते.

‘क्लिअर डेटा’ कधीच दाबू नका, सगळं पुसलं जातं.

महिन्यातून एकदा बॅकअप उघडून वहीशी बेरीज जुळवा. न उघडलेल्या प्रतीचा भरवसा धरू नका.