शनिवारचा पाडवा

(डोंबिवली येथे एका कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



अमेरिकेत सतरा वर्षे राहून परत आलेल्या माणसाला लोक बहुधा दोनच प्रश्न विचारतात. पगार किती होता, आणि परत का आलात? आजच्या संयोजकांनी मला तिसराच प्रश्न विचारला. ‘शनिवार-रविवारी तुम्ही तिकडे काय करत होता?’ प्रश्न सोपा वाटला म्हणून होकार दिला. घरी जाऊन विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, परदेशी राहणाऱ्या माणसाचे सारे समाजजीवन त्या दोन दिवसांतच सामावलेले असते. उरलेले पाच दिवस तो केवळ नोकरी करतो.

या विषयाचा आरंभ आपल्याच भूमीतून करतो. कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. वय अवघे अठरा. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या घरी त्या उतरल्या. त्या बाईंना आनंदीबाई ‘मावशी’ म्हणत. परक्या देशात पहिली गोष्ट त्यांनी केली ती ही, की एका परक्या स्त्रीशी नाते जोडले. मग त्या घरच्या स्नेही मंडळींना आपल्या पद्धतीचे जेवण रांधून वाढले. १८८६ साली त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या आणि पुढल्याच वर्षी पुण्यात निवर्तल्या. त्यांची रक्षा मात्र मावशींकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आली. कल्याणच्या मुलीच्या रक्षेला तिथे घरच्यांच्या शेजारी जागा मिळाली, ही गोष्ट मला न्यू जर्सीत असताना फार वेळा आठवे.

आम्ही १९९४ साली त्याच न्यू जर्सीत गेलो. एडिसनपासून जवळच घर घेतले. आनंदीबाईंना कांद्याची पातही भारतीय दुकानात मिळाली नसेल. आम्हाला ओक ट्री रोडवर गोडा मसालाही मिळे. शनिवारची सकाळ ठरलेली होती. आठवड्याचे कपडे धुणे, वाणसामान आणि त्याच दुकानातून पाच-दहा डॉलरचे फोनचे कार्ड. त्या दिवसांत डोंबिवलीला आमच्या घरी फोन नव्हता. तळमजल्यावरच्या काकांकडे होता. आमचे सकाळचे नऊ वाजले की हिवाळ्यात येथे संध्याकाळचे साडेसात वाजत. काका जिन्यात उभे राहून हाक मारत. आई-बाबा तीन मजले उतरून येईपर्यंत कार्डावरची चार मिनिटे सरत. ती चार मिनिटे मी काकांशीच बोलत असे. त्यांना पावसाची, रेल्वेची आणि बाबांच्या रक्तदाबाची इत्थंभूत माहिती असे.

संध्याकाळी कोणाच्या तरी घरी एकत्र जेवण. एकीने भात, दुसरीने रस्साभाजी, आमच्या सौ.नी बहुधा कोशिंबीर, कारण ती डब्यात सांडत नाही. पुरुषांच्या बैठकीत व्हिसा, ग्रीन कार्ड आणि घराचे हप्ते. तेच विषय, तीच माणसे. कंटाळवाणे नव्हते का? होते. तरीही कोणी चुकवत नसे, कारण आपण आजारी पडलो तर डबा याच घरांतून येणार हे प्रत्येक जण जाणून होता.

रविवारी देवळाच्या तळघरात मुलांचा मराठीचा वर्ग. ‘ळ’ उच्चारता यावा म्हणून एक संगणक अभियंता बावीस मुलांपुढे तासभर ‘काळा कावळा’ म्हणत उभा राही. त्याला कोणी मानधन दिले नाही. काही गावांत बालगोकुळम् चाले. येथे दैनंदिन असलेली शाखा तेथे साप्ताहिक होऊन शनिवार-रविवारीच भरे, कारण मुलांना मोटारीने आणून सोडण्यास आई-वडिलांना दुसरा दिवसच नसे.

हे सारे काल-परवाचे नाही. न. चिं. केळकरांच्या प्रेरणेने लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली उभे राहिले. उत्तर अमेरिकेतील मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. मंडळांत भांडणे होतात का? मराठी माणसे एकत्र आल्यावर होणारच. अध्यक्षपदावरून रुसलेल्यांनी दुसरे मंडळ काढावे हा आपला जुना परिपाठ आहे, आणि तो आम्ही साता समुद्रापलीकडे निष्ठेने जपला.

गणपती शाळेच्या भाड्याच्या सभागृहात बसे. धुराने आगीची घंटा वाजेल म्हणून कापूर लावता येत नसे. निरांजनाच्या जागी सेलवर चालणारी ज्योत. चतुर्थी मंगळवारी असो वा बुधवारी, उत्सव शनिवारी. येथून आलेले एक गृहस्थ यावर उपहासाने हसले होते. तिथी कळत नाही म्हणून आम्ही असे करत नव्हतो. मंगळवारी दोनशे माणसे जमली नसती, आणि एकट्याने केलेल्या आरतीला टाळ्या वाजवायला कोणी नसते.

१९९९ साली येथे गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली. त्या वर्षी पाडवा गुरुवारी आला. आम्ही गुढी शनिवारी उभारली. तोवर घरी फोन आला होता. फडके रोडवर केवढी गर्दी होती, कोणाच्या नऊवारीचा रंग कोणता होता, बाबा किती चालले, हे आई सांगत होती. तिचा इतका आनंदी स्वर मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. मध्येच कार्ड संपले. दुसरे आणायला दुकानात गेलो, परत फोन लावला तेव्हा येथे रात्र झाली होती आणि आई झोपली होती.

आता जे सांगायचे आहे ते थोडे अवघड आहे.

२००३ च्या फेब्रुवारीत आमच्या एका तेलुगू शेजाऱ्याची आई, नातवाला पाहण्यास आलेली, बर्फावर घसरून पडली. तिला इंग्रजी येत नव्हते. मंडळातल्या लोकांनी पाळ्या लावल्या. शनिवारी रात्रभर मी रुग्णालयात तिच्या उशाशी बसलो. पहाटे घरी आलो, कर्तव्य केल्याचे समाधान मनात होते, आणि फोन वाजला. बाबांना हृदयविकाराचा झटका आला होता. इमारतीला उद्वाहन नव्हते. काकांनी, त्यांच्या मुलाने आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोन तरुणांनी त्यांना खुर्चीत बसवून तीन जिने खाली आणले होते. मी ज्या वेळी कोणा दुसऱ्याच्या आईला पाणी पाजत होतो, त्या वेळी माझ्या वडिलांची खुर्ची दुसऱ्यांच्या खांद्यावर होती.

सहा दिवसांनी मी पोहोचलो तेव्हा बाबा घरी वर्तमानपत्र वाचत होते. म्हणाले, “कशाला धावत आलास? ही सगळी होती की.” त्यांनी ते प्रेमाने म्हटले. मला ते आजही टोचते.

बाबा २००९ मध्ये गेले, आम्ही २०११ मध्ये आईसाठी परतलो. परतल्यावर पहिल्या रविवारी मी चकित झालो. मेगाब्लॉक, दुपारची झोप, वाहिन्यांवरील मालिका. तेथे काम करायला दुसरे कोणी नसते म्हणून प्रत्येक जण करतो. येथे दुसरा कोणीतरी आहे असे प्रत्येकाला वाटते. जुन्या इमारतीच्या तीन मजल्यांत हा ‘दुसरा कोणीतरी’ खरोखर होता. आता आमची इमारत पाडून नवी झाली आहे. लिफ्ट आहे, दारे बंद आहेत. एका मजल्यावर चार घरे आणि त्यांतल्या दोघांची नावे मला कालपर्यंत ठाऊक नव्हती. सात घरांतली मुले परदेशी आहेत. ती मुले तेथे शनिवारी कोणाच्या तरी आईला डबा पोहोचवत असतील, याविषयी मला शंका नाही.

काकांचा तो खुर्ची उचलणारा मुलगा आज मेलबर्नला असतो. काका आता सातव्या मजल्यावर एकटे राहतात, काकू नाहीत. रविवारी अकराच्या सुमारास मी त्यांच्याकडे जाऊन बसतो. मुलाचा फोन येतो, चेहराही दिसतो. कार्डाची गरज राहिलेली नाही. काका फोन माझ्याकडे वळवतात आणि मुलाला सांगतात, “हा आलाय रे, बोल.” आधी तो माझ्याशी चार मिनिटे बोलतो. वडिलांच्या रक्तदाबाविषयी विचारतो. या रविवारी मला येथे यायचे होते म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या एका तरुणाला विचारले. तो म्हणाला, काका कोण ते मला माहीत नाही, पण जातो. आत्ता साडेअकरा झाले आहेत. तो तेथे बसला असेल.