लहान छेदाची शस्त्रक्रिया आणि आपले कर्तव्य
(संघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



सातारा-सांगलीकडील आपल्या माणसांस रोगापेक्षा शस्त्रक्रियेचे भय अधिक. माझ्या थोरल्या वहिनींच्या पित्ताशयात खडे झाले होते. ‘पोट फाडल्यावर पुन्हा घागर उचलता येईल काय?’ या धास्तीने त्यांनी दोन वर्षे दुखणे लपविले. अखेर पित्ताशयात पू झाला, तेव्हा हातभर छेद घ्यावा लागला आणि महिनाभर अंथरूण धरावे लागले. प्राण वाचले, हे आमचे भाग्य.

आज तेच काम बहुधा अर्ध्या ते एक सेंटिमीटरच्या तीन-चार छिद्रांतून होते. पोटात कर्बवायू भरून जागा करतात, दुर्बिणीने आतील चित्र पडद्यावर पाहतात व लांब दांड्याच्या हत्यारांनी पित्ताशय सोडवितात. रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी येतो.

ही विद्या सहजी आलेली नाही. जर्मनीतील डॉ. एरिक म्यूहे यांनी १९८५ साली अशा रीतीने पित्ताशय काढले, तेव्हा स्वदेशीय शल्यवैद्यांनी त्यांची उपेक्षाच केली. आपल्याकडे डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९७२ पासून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पोटाच्या दुर्बिणीचा अभ्यास चालविला आणि १९९० साली भारतातील अशी पहिली पित्ताशय-शस्त्रक्रिया केली. २०१७ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

परंतु नवी गोष्ट निर्दोष नसते. आरंभीच्या वर्षांत पित्तनलिकेस इजा होण्याचे प्रमाण वाढले. तेव्हा संशोधकांनी चुकांची कारणे शोधली. १९९५ साली डॉ. स्ट्रासबर्ग यांनी नियम सांगितला, की पित्ताशयाकडे जाणारी नलिका व रक्तवाहिनी या दोन्ही स्पष्ट दिसल्यावाचून काही कापू नये. आपली चूक तपासणारे शास्त्रच विश्वासास पात्र ठरते.

१८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिरजेस रुग्णालय उघडले, तेव्हापासून आपला भाग त्या गावाकडे आशेने पाहतो. तरी खेड्यातील बाई आजही एकटी तेथे जाण्यास कचरते. म्हणून माझी सूचना एवढीच : रुग्णासोबत संघाचा एक जाणता तरुण जावा. त्याने वैद्यांस नम्रपणे तीन गोष्टी विचाराव्यात — या रुग्णास लहान छेद योग्य आहे काय? ऐनवेळी मोठा छेद घ्यावा लागेल काय? खर्च किती? मोठा छेद घेणे हे अपयश नव्हे. कित्येकदा तेच शहाणपण असते.

दुखणे लपविणे हे सोसणे नव्हे. हे घराघरांतील माताभगिनींस पटवून द्यावे, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.