वडगावची लढाई टेबलावर: इंग्रज सारखे का जिंकत होते?

मागच्या भागात युरोपातल्या अठराव्या शतकातल्या लढाया टेबलावर कशा खेळतात ते सांगितलं, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की आपल्याकडची एखादी घेता येत नाही का? येते की. गेले तीन-चार महिने मानखुर्दला आमच्या घरी रविवारी दुपारी आम्ही चौघं वडगावची लढाई खेळतोय. जानेवारी १७७९. आणि पहिले कितीतरी रविवार ती इतिहासाच्या बरोब्बर उलटी होत होती. आज त्याबद्दल बोलतो.

जे पहिल्यांदा ऐकतायत त्यांच्यासाठी थोडक्यात. त्या काळातलं मुख्य पायदळ म्हणजे रांगेतलं पायदळ. खांद्याला खांदा लावून दोन-तीन ओळी, हुकूम झाला की एकदम बार, मग संगीन. बंदूक नळीच्या तोंडाकडून ठासायची, कवायत झालेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढणार, शंभर पावलांच्या पुढे नेम धरण्यात काही अर्थ नाही. म्हणून रांग. हलकं पायदळ म्हणजे विखरून, झाडाझुडपांच्या आडून लढणारं. चार्ल्स ग्रँटचं १९७१ चं ‘द वॉर गेम’ घ्या, नाहीतर आजचं ‘ब्लॅक पावडर’ घ्या, खेळाचा सगळा भर रांगांच्या टकरीवर असतो आणि हलके लोक आजूबाजूला शोभेपुरते.

आम्ही हेच नियम उचलले. प्लायवूडवर षटकोनी खणांचा कागद, पलटणींना बुद्धिबळाची प्यादी, मराठा स्वारांना शर्टाची बटणं. तळेगावच्या मैदानात मांडणी. घोडदळ पलटणीवर घातलं की बार, बटणं परत. पुन्हा घातलं, पुन्हा परत. मी शेवटी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहून रात्रभर फासे टाकत ठेवले. बहुतेक वेळा इंग्रजच. म्हणजे फासे वाईट पडत नव्हते, नियमच चुकले होते.

मग मी नियम बाजूला ठेवले आणि तारखा बघितल्या. रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवायला मुंबईकर इंग्रज नोव्हेंबर १७७८ मध्ये निघाले आणि खाडीपलीकडे पनवेलला उतरले. (मी मानखुर्दहून पनवेल लोकलने जातो, तेवढंच अंतर.) फौज सुमारे ३,९००. आणि बैल? १९,०००! माणशी जवळजवळ पाच बैल. २३ डिसेंबरला सगळे घाट चढून खंडाळ्याला. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट, आपला ‘इष्टुर फाकडा’, मारला गेला. ९ जानेवारीला तळेगाव. खंडाळा ते तळेगाव तीसेक किलोमीटर, लागले १७ दिवस.

का लागले, तर बैलांमुळे. आणि त्या बैलांभोवती फिरणारे मराठा स्वार रांगेशी झुंजतच नव्हते. चारा जाळायचा, मागे राहिलेलं उचलायचं, पलटण वळली की पसार. जोडीला भिवराव पानशांच्या तोफा लांबून चालूच. इंग्रज तळेगावात पोचले तर गाव मोकळं आणि जाळलेलं. पुढे पुणे एका मजलेच्या टप्प्यात असताना ११ जानेवारीच्या रात्री त्यांनी मोठ्या तोफा तळ्यात ढकलल्या, सामान पेटवलं आणि मागे फिरले. १२ ला वडगावला गाठले गेले आणि चार-पाच दिवसांत तह.

आता नवा नियम ऐका. एक डाव म्हणजे एक दिवस. बैल बरोबर असतील तर इंग्रजांनी एकच खण चालायचं. बैल सोडले तर तीन, पण मग दाणागोटा मोजून चार डाव पुरणार. मराठा घोडदळ सज्ज रांगेला हरवू शकत नाही, तो नियम तसाच ठेवला. फक्त बैलांच्या ज्या खणाला पलटण चिकटून नाही तो खण गेला. झालं एवढंच. पहिल्याच रविवारी इंग्रजांकडून बसलेला मित्र पलटणी ताणून ताणून बैलांच्या भोवती पसरत गेला, आणि पातळ झालेल्या रांगेला तोफा फोडायला लागल्या. हलक्या फौजेचं काम मला तेव्हा कळलं. रांग मोडायच्या फंदात पडायचंच नाही, ती लांब करत न्यायची.

हे फक्त आपलंच होतं असं नाही हं. १७४४ मध्ये प्रशियाचा फ्रेडरिक, रांगेच्या लढाईतला उस्ताद, प्राग घेऊन बसला होता. ऑस्ट्रियाच्या हलक्या फौजेने त्याची रसद अशी तोडली की मोठी लढाई न होता त्याला बोहेमिया सोडावा लागला.

पण ‘गनिमी काव्यापुढे कवायत फोल’ असं कोणी म्हणालं की मी अडतो. १२ तारखेला पिछाडीला कॅप्टन हार्टलीच्या शिपायांनी एकामागून एक हल्ले परतवले. रांग शेवटपर्यंत रांग होती. आणि ते शिपाई कोण? मुंबईच्या पलटणींत कोकणातली पुष्कळ माणसं असायची, त्यात महार होते, बेने इस्रायली होते. आमच्यातला एक जण ‘आपली बाजू’ म्हणत बटणं उचलतो तेव्हा दुसरा, ज्याचं गाव महाडजवळ आहे, प्यादी स्वतःकडे ओढतो. यावर आमच्यात एकदा चांगलीच जुंपली होती. मी मध्ये पडलो नाही, कारण मला उत्तर माहीत नव्हतं.

वडगावला मराठ्यांकडून मुख्य माणूस महादजी शिंदे. त्यानेच पुढे १७८४ मध्ये द बॉइनला ठेवून कवायती कंपू उभे केले आणि १७९० मध्ये पाटण, मेडता त्यांच्या जोरावर जिंकलं. हलक्या फौजेने जिंकलेला माणूस रांग का विकत घेतो? माझं आपलं मत, त्याला दोन्हीचे भाव माहीत होते. स्वारांनी शत्रू दमतो, पण राजपुतान्यात किल्ल्यापुढे आणि मैदानात उभं राहायला पलटण लागते.

आणि तो पानिपतात होता. पाय तिथेच कायमचा अधू झाला. गेल्या महिन्यात आम्ही तेच नियम पानिपतावर लावले. इब्राहिमखान गारदी रांगेतला, त्याच्या पलटणी संगिनी रोखून रोहिल्यांवर उत्तम चालून जातात. पण मागे छावणीत बुणगे, यात्रेकरू, बायकामुलं. बैलांचा नियम त्यांना लागतो. रसद आणणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्येच मारले गेलेले, अब्दालीचे स्वार चहूबाजूंनी. म्हणजे इंग्रज तळेगावात जिथे होते तिथे अठरा वर्षांपूर्वी आपण होतो, फक्त आपल्याकडे रात्रीतून मागे फिरायला वडगाव नव्हतं.

तो डाव आम्ही तीनदा खेळलो. आता भाऊसाहेबांच्या बाजूला बसायला कोणी तयार होत नाही, चिठ्ठ्या टाकतो.