सही वकिलाची, जबाबदारीही वकिलाचीच

(वकील व कायदा-साहाय्य कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वकीलपत्रावर सही करणारा वा अंगठा उठवणारा माणूस त्या कागदावरचा मजकूर क्वचितच वाचतो. तो समोरच्या वकिलाकडे पाहतो आणि त्याच्या हाती आपली जमीन, आपली नोकरी, आपले घर, प्रसंगी आपले स्वातंत्र्यही सोपवतो. वकिलीचा सारा डोलारा या विश्वासावर उभा आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता नावाचे जे नवे साधन आज वकिलाच्या टेबलावर येऊन बसले आहे, त्याचा विचार या विश्वासाच्या अंगानेच व्हावयास हवा. यंत्र चांगले की वाईट, हा प्रश्न गौण आहे. यंत्र चुकले तर त्या चुकीची किंमत कोण मोजणार, हा खरा प्रश्न आहे.

२०२३ साली न्यूयॉर्कच्या संघराज्यीय न्यायालयात एक साधा नुकसानभरपाईचा दावा चालू होता. २०१९ मधील एका विमानप्रवासात जेवणाच्या धातूच्या गाड्याने आपल्या गुडघ्याला इजा झाली, असे एका प्रवाशाचे म्हणणे होते. त्याच्या वकिलांनी आपल्या निवेदनात अनेक पूर्वनिवाड्यांचे दाखले दिले. विमान कंपनीच्या वकिलांनी ते शोधले, तेव्हा त्यांतले काही कोठेच सापडेनात. सापडणार तरी कसे? ते ‘चॅटजीपीटी’ने रचलेले होते. पक्षकारांची नावे, निवाड्यातील उतारे, सारेच काल्पनिक होते. हे निवाडे खरे आहेत काय, असे वकिलाने त्या यंत्रालाच विचारले होते आणि यंत्राने होकार दिला होता! न्यायमूर्ती केव्हिन कॅस्टेल यांनी वकिलांना व त्यांच्या कार्यालयाला मिळून ५,००० डॉलरचा दंड केला. त्याच दिवशी प्रवाशाचा मूळ दावाही मुदतबाह्य म्हणून निकालात निघाला. दंडाची बातमी जगभर गाजली. पण त्या प्रवाशाच्या पदरी काय पडले, हे फारसे कोणी विचारले नाही.

असे का घडते, हे समजून घेणे अवघड नाही. ही यंत्रे निवाड्यांच्या कपाटातून निवाडा काढून देत नाहीत. अब्जावधी शब्दांच्या अभ्यासातून एका शब्दापुढे कोणता शब्द येणे संभवते, याचा अंदाज बांधून ती वाक्य पुरे करतात. त्यामुळे निवाड्यासारखे दिसणारे काहीही त्यांना लिहिता येते. तो निवाडा प्रत्यक्षात झाला होता काय, याची नोंद मात्र त्यांच्यापाशी असेलच असे नाही. अडखळत खोटे बोलणारा साक्षीदार उलटतपासणीत पकडता येतो. हा साक्षीदार अडखळत नाही, घामाघूम होत नाही. खरे आणि खोटे तो एकाच सुरात सांगतो. म्हणूनच त्याची उलटतपासणी अधिक कसून व्हावयास हवी.

इंग्लंडमधील अनुभव याहून बोलका आहे. एका बेघर माणसाने निवाऱ्यासाठी लंडनमधील स्थानिक संस्थेविरुद्ध दाद मागितली. त्याची बाजू गरिबांना साहाय्य करणाऱ्या एका कायदा केंद्राकडे होती. त्याच्या अर्जात उल्लेखिलेले पाच निवाडे अस्तित्वातच नव्हते. ते कोठून आले, याचा समाधानकारक खुलासा संबंधित वकिलाला करता आला नाही. यंत्र वापरल्याचा तर त्यांनी इन्कारच केला. जून २०२५ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने या व अशाच दुसऱ्या एका प्रकरणावर निर्णय देताना बजावले की, असे बनावट दाखले देणे हा न्यायालयाचा अवमान ठरू शकतो आणि अतिगंभीर प्रकरणी बाब पोलिसांकडेही सोपवली जाईल. गरिबांची बाजू घेणाऱ्यांनी यातून विशेष धडा घ्यावयास हवा. हेतू शुद्ध असला म्हणून पडताळणीची जबाबदारी टळत नाही. उलट ज्याच्याजवळ दुसरा वकील करण्याची ऐपत नाही, त्याच्या बाबतीत ती वाढते.

हा रोग वकिलांपुरताच आहे, असेही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका कंपनीच्या आयकर आकारणीचे प्रकरण आले. कर अधिकाऱ्याने आपल्या आदेशात ज्या निवाड्यांचा आधार घेतला होता, ते मुळात झालेच नव्हते. न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि यंत्राने पुढे केलेल्या उत्तरांवर डोळे झाकून विसंबू नये, ती पडताळूनच वापरावीत, असे अधिकाऱ्यांना सुनावले. त्या कंपनीपाशी उच्च न्यायालयात जाण्याचे बळ होते. उद्या असाच एखादा आदेश तहसील कचेरीतून वहिवाटीच्या तंट्यात निघाला, किंवा एखाद्या विधवेच्या निवृत्तिवेतनाच्या अर्जावर निघाला, तर त्यातला दाखला बनावट आहे हे शोधणार कोण? शासनाच्या हातातील यंत्राची चूक ही शासनाच्या अधिकारासह येते, आणि ती दुबळ्याच्या माथ्यावर अधिक जोराने आदळते.

मग हे साधन वर्ज्यच मानावे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. देशातील प्रलंबित खटल्यांची संख्या पाच कोटींच्या घरात आहे. तालुक्याच्या न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाजवळ ना ग्रंथालय, ना हाताखाली कनिष्ठांचा ताफा. शेकडो पानांच्या कागदपत्रांचा तारीखवार गोषवारा काढणे, मसुद्याचा कच्चा आराखडा तयार करणे, इंग्रजी निवाड्याचा आशय अशिलाला मराठीत समजावून देणे, या कामी यंत्राचे साहाय्य झाले तर त्याचे स्वागतच करावे. न्यायमूर्ती कॅस्टेल यांनीही आपल्या निर्णयात विश्वासार्ह यंत्राची मदत घेणे मुळातच गैर नसल्याचे म्हटले होते. त्यांचे म्हणणे एवढेच, की न्यायालयाच्या दारावरचा पहारा वकिलाने सोडता कामा नये.

हा पहारा म्हणजे नेमके काय? पहिली गोष्ट अशी की, जो निवाडा स्वतः उघडून वाचलेला नाही, त्याचा दाखला देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे २०२३ पासून ‘ई-एससीआर’वर विनामूल्य उपलब्ध आहेत. तेव्हा साधन नाही, ही सबब आता उरलेली नाही.

दुसरी गोष्ट गोपनीयतेची. अशिलाने विश्वासाने सांगितलेले वकिलाने उघड करू नये, हे बंधन पूर्वीच्या पुरावा कायद्यात होते आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्येही ते कायम आहे. नवऱ्याच्या मारहाणीची हकीकत, कामगार संघटनेची आतली चर्चा, आरोपीने दिलेली कबुली, हे सारे एखाद्या परक्या कंपनीच्या यंत्रात ओतणे म्हणजे ते कोणाच्या हाती जाईल हे ठाऊक नसताना दाराबाहेर ठेवणे होय. नावे, गावे आणि ओळख पटेल असा तपशील गाळल्याखेरीज असा मजकूर यंत्रापुढे जाऊ नये. शंका असेल तर मुळीच जाऊ नये.

तिसरी गोष्ट फीची. अमेरिकन बार असोसिएशनने जुलै २०२४ मध्ये दिलेल्या मतानुसार, तासावर फी घेणाऱ्या वकिलाने प्रत्यक्षात खर्ची पडलेल्या वेळाचेच पैसे घ्यावेत. आपल्याकडे तासाची नव्हे, तारखेची वा कामाची फी अधिक चालते. तरीही तत्त्व तेच आहे: यंत्राने श्रम वाचवले असतील तर त्या बचतीत अशिलाचाही वाटा आहे.

चौथी गोष्ट भाषेची. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात नित्य येणारे ‘लीव्ह ग्रँटेड’ हे शब्द अपिलास परवानगी मिळाल्याचे सांगतात. यंत्राने त्यांचे ‘रजा मंजूर’ असे भाषांतर केले, तर हसून सोडून देता येईल. परंतु कूळ, वहिवाट, फेरफार, हक्कसोड या शब्दांत पिढ्यान्‌पिढ्यांचे हक्क सामावलेले आहेत. तेथील चूक जमीन घेऊन जाते. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये आपल्या जिल्हा न्यायालयांसाठी जे धोरण ठरवले, त्यात यंत्राने केलेले भाषांतर जाणकार माणसाने तपासण्याचे बंधन आहे, आणि निष्कर्ष, आदेश वा निवाडा देण्यासाठी यंत्र वापरण्यास स्पष्ट मनाई आहे. हे धोरण अनुकरणीय आहे.

या सर्वांहून मोठा धोका मात्र वेगळाच आहे. श्रीमंताला नामांकित वकील आणि गरिबाला फुकटचे यंत्र, अशी न्यायाची दोन दुकाने उद्या थाटली जातील. यंत्र स्वस्त आहे, या सबबीखाली मोफत विधी सेवेवरील खर्चाला कात्री लागेल. १९७६ साली घटनेत ३९-अ हे कलम आले. १९७९ साली हुसेनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांची कहाणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा मोफत वकील हा दयेचा नव्हे तर हक्काचा विषय ठरला. त्या हक्कात अभिप्रेत आहे तो माणूस: जो तुरुंगाच्या जाळीपलीकडून कैद्याचे ऐकतो, न सांगितलेलेही ओळखतो आणि न्यायालयात उभा राहून उत्तरदायी होतो. चुकलेल्या वकिलाची तक्रार १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखाली बार कौन्सिलकडे करता येते. यंत्राची सनद कोण काढून घेणार?

म्हणून नियम साधा आहे. कागद तयार करताना साहाय्य कोणाचेही घ्यावे. परंतु त्या कागदाखाली सही वकिलाची असते, आणि सहीबरोबर येणारी जबाबदारी यंत्राच्या माथी मारता येत नाही. अंगठा उठवणाऱ्याने विश्वास माणसावर टाकलेला आहे. त्याचे उत्तर माणसानेच द्यावयाचे आहे.