मिथिलेतले कोहबर
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. कलेवर बोला म्हणालात, तेव्हा मला बिहारातल्या मिथिलेच्या बायका आठवल्या.

तिकडे लग्नघरी नवरानवरीची एक खोली असते, तिला कोहबर म्हणतात. तिच्या भिंती घरच्या बायकाच रंगवतात. कमळे, त्यांतून वर गेलेला बांबू, भोवती पोपट, मासे, कासव. सगळे वंश वाढावा म्हणून! काडीला कापूस गुंडाळला की झाला कुंचला. पुढे भिंत सारवली की चित्र जाई. कुणी हळहळत नसे. पुढच्या लग्नाला पुन्हा काढीत.

१९३४ च्या भूकंपात घरे फाटली, तेव्हा आर्चर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला या आतल्या भिंती दिसल्या. १९६६-६७ च्या दुष्काळात हस्तकला मंडळाने मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी (आपलाच माणूस बरे का!) यांना तिकडे धाडले. त्यांनी बायकांच्या हाती कागद दिला, नि घरात चार पैसे आले. जितवारपूरच्या जगदंबादेवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली, गंगादेवींना १९८४ मध्ये.

गंगादेवींनी दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात एक कोहबर रंगवले होते. १९९१ मध्ये त्या वारल्या. २०१५ च्या सुमारास दुरुस्तीच्या कामात ते कोहबर नाहीसे झाले. घरची भिंत सारवली तर तोच हात पुन्हा काढी. हा हात आता कुठला?

आपल्या मंडळातल्या थोरल्या बायकांचे चैत्रांगण एका वहीत उतरवून घ्यावे, खाली त्यांची नावे घालावीत, अशी माझी सूचना आहे. वही मी आणते.