प्रकाशाचे नवे काम



कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांत वीज तारांतून धावते, तारा तापतात व शक्ती वाया जाते. म्हणून २०१७ साली अमेरिकेत निघालेली लाइटमॅटर ही कंपनी गणित व निरोप ही दोन्ही कामे प्रकाशाकडून करवून घेऊ पाहते.

आम्ही वर्गात लोलक धरतो, तेव्हा प्रकाशाचे रंग वेगळे होतात. रंगांच्या याच वेगळेपणामुळे एका वाटेने अनेक किरण न गुंतता निरोप नेतात. आपल्या हुबळीत जन्मलेल्या गुरुराज देशपांडे यांनी १९९८ साली सहकाऱ्यांसह अमेरिकेत सायकॅमोर कंपनी काढली, तीही प्रकाशावाटे संदेश नेणाऱ्या यंत्रांचीच.

आमच्या कित्येक हुशार मुली मात्र फीअभावी दहावीनंतर विज्ञान सोडतात. या महोत्सवी वर्षी ट्रस्टने त्यांची फी भरावी, इतकीच आमची विनंती.